कोड पुसला तरी घाटात दिवा परत: जुन्या थार सीआरडीईचे फॉल्ट कोड

तक्रार ठरलेल्या चालीने येते. जुनी थार सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनवाली, लाखभर किलोमीटर झालेली. गावात काही त्रास नाही, हायवेला काही त्रास नाही. वरंधा किंवा आंबेनळी चढायला घेतला, तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरला, की दोन-चार वळणांत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीचा जीवच जातो. टर्बो ओढत नाही, आरपीएम एका मर्यादेपुढे सरकत नाही, मागची एसटी हॉर्न वाजवून हैराण. बाजूला घेऊन चावी बंद केली, परत फिरवली, की गाडी पहिल्यासारखी. खाली आल्यावर गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड पुसतो, "झालं काम" म्हणतो. पुढच्या खेपेला तोच घाट, तोच दिवा.

गॅरेजवाला फसवत नसतो. त्याने कोड खरंच पुसलेला असतो. पण कोड ही ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, केलेली नोंद असते: अमुक वेळी अमुक गोष्ट मला पटली नाही. नोंद फाडल्याने कारण जात नाही. उलट कारण शोधायला जो पुरावा हवा होता तोच जातो. गाडी बसते ती लिम्प मोडमध्ये. ईसीयू इंजिन वाचवायला मुद्दाम ताकद कमी करतो. म्हणजे घाटात गाडी बसली ही गाडीची चूक नाही, ती तिचं काम बरोबर करते आहे.

हे थार सीआरडीई समोर ठेवून लिहितोय. ऑक्टोबर २०१० ला आलेली आणि २०२० ला नवी थार येईपर्यंत चाललेली, अडीच लिटर, १०५ बीएचपीवाली. थार डीआयवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्यांचा पंप यांत्रिक, कोडची भानगडच नाही. स्कॉर्पिओ, सफारी डायकॉर किंवा कॉमन रेलवाली बोलेरो असेल तर पद्धत हीच, आकडे आपापल्या मॅन्युअलचे धरा.

रीडर बोलतच नाही

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीला, सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा, कोड वाचणारा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ रीडर काही शे रुपयांत मिळतो, ॲप फोनवर फुकट मिळतं. इथेच पहिली ठेच लागते, कारण सॉकेट आहे म्हणून रीडर बोलेलच असं नाही. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायच्या पद्धतीची) सक्ती बीएस फोर या प्रदूषणाच्या नियमांच्या जोडीने आली, २०१० ला पहिला टप्पा, २०१३ ला दुसरा. आणि बीएस फोर देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या बीएस थ्री आणि बीएस फोर अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर आहेत. बीएस थ्री गाडी पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या बोलीतच बोलते. स्वस्त रीडर तिच्यापुढे "कनेक्ट होत नाही" एवढंच म्हणत बसतो. त्यात रीडरचा दोष नाही, गाडीचाही नाही. अशा गाडीला गॅरेजमधला मल्टिब्रँड स्कॅनर लावावा लागतो.

पण रीडरचा दिवाच लागत नसेल तर गोष्ट वेगळी. सॉकेट समोरून बघा, रुंद बाजू वर. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. मल्टिमीटरचं लाल टोक खाली उजवीकडच्या १६ ला, काळं वरच्या ४ ला. चावी बंद असतानासुद्धा बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दिसला पाहिजे. नाही दिसला तर फ्यूज गेलाय, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी त्याच वायरीला चार्जर किंवा फॉग लॅम्प जोडल्याने गेलेला असतो. व्होल्टेज येतोय पण रीडर जोडला जात नाही, आणि गाडी कॅनवाली (ईसीयू दोन वायरींच्या जोडीवर बोलतात अशी) आहे, तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ६ आणि १४ मधला रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर एका टोकाची जोडणी तुटली आहे. शून्याच्या जवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

थारवाल्यांसाठी एक खास सूचना. ट्रेलवरून आल्यावर आपण केबिनची फरशी पाइप लावून धुतो, आणि पाण्याचा फवारा डॅशखाली जातोच. सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. पिनांवर हिरवट पूड धरली असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मग रीडर लावा.

पुसण्याआधी जे लिहून घ्यायचं

चावी ऑन, इंजिन बंद. साठलेले कोड वाचा, मग पेंडिंग कोड वेगळे वाचा. पेंडिंग म्हणजे ईसीयूला एकदा शंका आली आहे, अजून खात्री पटलेली नाही. दिवा न लागता गाडी अधूनमधून अडखळत असेल तर उत्तर अनेकदा तिथेच असतं, आणि ते बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

मग फ्रीज फ्रेम. कोड पडला त्या क्षणाचे आकडे ईसीयूने जपून ठेवलेले असतात: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण कोड पुसला की हे आकडेही पुसले जातात, आणि सगळ्या पोस्टमध्ये एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा. समजा फ्रीज फ्रेम सांगते: आरपीएम २४००, कूलंट ८९ अंश, लोड नव्वदच्या वर. म्हणजे गाडी गरम होती, चढावर होती, पाय पूर्ण दाबलेला होता. आता हाच कोड ८०० आरपीएमला, थंड इंजिनवर, लोड नसताना पडला असता तर शोध दुसऱ्याच दिशेने गेला असता. कोड एकच, दुखणी दोन.

कोडची रचना थोडक्यात. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी चॅसी, बी बॉडी, यू म्हणजे ईसीयूंचा आपापसातला संवाद. त्यानंतरचा आकडा ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर कंपनीने स्वतः ठरवलेला. ही बारीक गोष्ट फार महागात पडते, कारण फुकट ॲप पी१ ने सुरू होणाऱ्या कोडसाठी कुठल्या तरी परदेशी गाडीचा अर्थ बिनदिक्कत दाखवतं. त्यावर विसंबून लोक सेन्सर मागवतात. पी१ दिसला की त्या गाडीची स्वतःची कोडयादी हवी, ॲपचं भाषांतर कामाचं नाही.

आणि कोड एकापेक्षा जास्त असतील तर सगळे एकदम खरे मानू नका. आधी व्होल्टेजचा कोड शोधा. पी०५६२, म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, सोबत असेल तर बाकीचे बरेचसे त्याची पिलावळ असू शकतात. तो आधी मिटवा.

घाटातला नेहमीचा गुन्हेगार: पी००८७

वर सांगितलेल्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा हाच निघतो. अर्थ: रेलमधला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या सामायिक नळीतला, डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी. याचा अर्थ "पंप गेला" असा लावून पंप उतरवायला निघालेले महाभाग मी पाहिले आहेत, आणि पंपाचा खर्च ऐकून गाडी विकायला काढलेलेही.

आधी दाब बघा. इंजिन गरम, आयडल. कॉमन रेलमध्ये आयडलला साधारण २५० ते ३५० बार असतो. ॲप किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर १०० ने भागा. ३०,००० दिसलं म्हणजे ३०० बार. मग शेजारी कुणाला तरी बसवा, फोन त्याच्या हातात द्या आणि चढावर न्या. गाडी चालवता चालवता स्वतः स्क्रीनकडे बघायचं नाही, घाटात तर अजिबात नाही. पूर्ण लोडला दाब हजार बारच्या वर जायला हवा. ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन्ही शेजारी शेजारी दिसले तर काम सोपं होतं. स्वस्त ॲप पुष्कळदा फक्त प्रत्यक्ष दाबच दाखवतं, तेव्हा एवढ्यापुरता गॅरेजचा स्कॅनर भाड्याने घेतला तरी पैसे वसूल.

आयडलला दाब स्थिर, पण लोड आल्यावर हळूहळू ढासळतो: डिझेल पंपापर्यंत पुरेसं पोचत नाही. आयडललाच आकडा वरखाली नाचतो: हवा शिरते आहे किंवा पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा) अडकतो आहे. गरम इंजिन बंद करून लगेच स्टार्ट केलं तर खूप सेल्फ मारावा लागतो: इंजेक्टरमधून डिझेल परतीच्या नळीत जास्त सुटतंय, नाहीतर पंप झिजला आहे. आणि इंजिन बराच वेळ बंद असताना, नुसती चावी ऑन करून, दाब शून्याच्या जवळ न दिसता शंभर-दोनशे बार दिसला तर रेलचा सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलते आहे.

घाटातल्या केसमध्ये बहुतेक वेळा पहिला प्रकार निघतो. म्हणून टाकीपासून निघायचं, पंपापासून नाही.

टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली जाऊन सूं असा आवाज आला तर टाकीचा व्हेंट बंद आहे. चिखलात लोळलेल्या गाडीत हे फार होतं, आणि झाकण सैल ठेवून तोच चढ चढलात की पाच मिनिटांत खातरजमा होते. व्हेंट साफ केला की खर्च शून्य. पुढे, टाकीत डिझेल किती होतं ते आठवा. पाव टाकीवर तीव्र चढ असला की डिझेल एका बाजूला सरकतं आणि ओढनळीचं तोंड उघडं पडून हवा ओढली जाते. कोड फक्त डिझेल कमी असतानाच पडत असेल तर हेच. टाकी भरा आणि पुन्हा चढा. टाकीला खडकाचा मार लागून खालचा पत्रा आत गेला असेल, तर ओढनळीचं तोंड आणि टाकीचा तळ यांतलं अंतर कमी झालेलं असतं. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय हे दिसत नाही.

मग फिल्टर. त्याच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. काचेच्या बरणीत थोडं डिझेल सोडा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी असेल तर बुडाशी वेगळा थर बसतो. वरच्या डिझेलमध्ये धूसरपणा दिसला तर तेही पाणीच. काळपट, बुळबुळीत तंतू दिसले तर टाकीत शेवाळासारखं काहीतरी वाढलं आहे. पाणी साचलेल्या डिझेलमध्ये जिवाणू वाढतात आणि हा लगदा करतात. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टर पुढच्याच ट्रेलला चोंदतो. खडबडीत रस्त्यावर टाकीच्या तळचा गाळ घुसळून वर येतो, म्हणून शहरात कधीच न येणारा कोड डोंगरात येतो. फिल्टर चांगल्या कंपनीचाच घ्या, आणि बदलताना त्याची ओ रिंग डिझेल लावून बसवा, कोरडी नको.

आता हवा. पंप डिझेल ओढतो त्या बाजूच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथे बारीक भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली थेंब नाही म्हणून लाइन ठीक, असं समजू नका. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन दोन हजार आरपीएमला धरा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे निघून गेले तर ठीक. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. क्लिपखाली कडक झालेली रबरी नळी हा पहिला संशयित. हाताने वाकवली की तोंडाशी चिरा उघडतात.

हे सगळं चांगलं निघालं तर इंजेक्टरांची परतीची चाचणी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकीला एकसारखी बाटली लावा, इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवा. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल यावं. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट साठलं तर तो इंजेक्टर झिजला आहे. चारही कमी आणि तरीही दाब नाही, तेव्हा कुठे मीटरिंग व्हॉल्व्ह आणि शेवटी पंप. इंजेक्टर बदलला आणि त्याच्या डोक्यावर आकडे-अक्षरांचा कोड कोरलेला असेल तर तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तेवढं राहून गेलं की इंजिन खडखडतं आणि मग नवा इंजेक्टरच खराब म्हणून परत जातो.

एक गोष्ट मात्र हट्टाने सांगतो. इंजिन चालू असताना जाड स्टीलच्या पाइपांचे नट सैल करायचे नाहीत. जुन्या डिझेलवर हवा काढायला आपण तसं करायचो, इथे नाही. हजार बारचा फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टोचल्याएवढी दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर घरगुती उपाय नाही, सरळ हॉस्पिटल, आणि डॉक्टरला सांगायचं की दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा.

कोड बदलत राहतात तेव्हा

एकदा क्रँक सेन्सरचा पी०३३५, दुसऱ्या वेळी एअरफ्लोचा पी०१०२, तिसऱ्या वेळी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा. दर वेळी वेगळा सेन्सर मेला असेल का? एवढे सेन्सर एका पावसाळ्यात मरत नाहीत. अशा वेळी वायरिंग, अर्थिंग किंवा पाच व्होल्टची सामायिक लाइन तपासायची. ईसीयू अनेक सेन्सरांना एकाच लाइनवरून पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली येतात आणि भलतेच कोड पडतात. कधी सोबत पी०६४१ दिसतो. पाच व्होल्टच्या जागी दोन-तीन मोजले, तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज उसळून पाचवर येतो, तो चोर. तसा कुठलाच निघाला नाही तर लाइनची वायर वाटेत कुठेतरी पत्र्याला घासते आहे.

अर्थिंगसाठी मीटर वीस व्होल्टच्या रेंजला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांत साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीच थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. विंच किंवा एलईडी बार बसवलेल्या गाडीत हे आधी तपासा, कारण बहुतेकदा ते लावणाऱ्याने अर्थिंग मिळेल त्या बोल्टला दिलेली असते.

मग हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून, हात फिरवा. ब्रॅकेटच्या धारेवर घासलेली जागा, एक्झॉस्टला टेकलेली वायर, आणि उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते. एक वायर कुरतडतात आणि दोन महिने गाडी छळते. वायर जागेवरच ट्विस्ट करून टेप मारणं हा पुढच्या कोडचा पाया. सोल्डर किंवा क्रिम्प करा, वर श्रिंक स्लीव्ह घाला.

तापमानाच्या सेन्सरचा कोड, म्हणजे कूलंटचा पी०११७ किंवा पी०११८, असला तर सेन्सर विकत घेण्याआधी फुकटची एक युक्ती आहे. कपलर काढा आणि रीडरवर लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाचे आकडे, बघा: तापमान एकदम उणे तीस-चाळीस दाखवायला हवं. कपलरच्या वायरीकडच्या दोन पिना बारीक तारेने जोडा: आकडा एकदम सव्वाशेच्या वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सरही तोच कोड देणार. ही युक्ती दोन पिनांच्या तापमान सेन्सरपुरतीच आहे. तीन पिनांच्या सेन्सरवर तार लावलीत तर काहीतरी जाळून ठेवाल.

पेडलचा पी२१३८ वेगळा. ॲक्सिलरेटरमध्ये दोन सेन्सर एकमेकांवर नजर ठेवून असतात, आणि बहुतेक पेडलांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो. पेडल अगदी सावकाश दाबत दोन्ही आकडे बघा. मध्येच एकजण उडी मारत असेल तर ट्रॅक झिजला आहे. दोन्ही छान सरकत असतील तर पेडलवरचा कपलर काढा. पाणी ओलांडलेल्या गाडीत तिथे ओल सापडते.

पुसणं

दुरुस्ती झाली, आता पुसा. चावी ऑन, इंजिन बंद, ॲपमध्ये क्लिअर. चावी बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा, परत ऑन करून वाचा. तोच कोड इंजिन सुरू न करताच परत आला तर बिघाड आत्ता, या क्षणी हजर आहे, आणि तो जवळजवळ नेहमी विजेचा असतो: तुटलेली वायर, निघालेला कपलर. असे कोड शोधायला सगळ्यात सोपे, ते आल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बॅटरीची वायर काढून कोड घालवायची पद्धत अजून चालते. काही जुन्या ईसीयूंत तसं होतंही. पण पुष्कळ ईसीयू कोड अशा मेमरीत ठेवतात की बॅटरी काढल्याने काही बिघडत नाही. आणि जिथे बिघडतं तिथे शिकलेली आयडलची सेटिंगही जाते आणि गाडी काही दिवस नखरे करते. स्कॅनर असेल तर वायर काढायला जाऊ नका. शिवाय कारण खरंच मिटलं असेल तर दिवा आपोआपही विझतो. ओबीडीच्या नियमाने सलग तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करणं म्हणजे एक सायकल) दिवा बंद होतो आणि नोंद चाळीस वॉर्म-अपनंतर, म्हणजे थंड इंजिन तितक्यांदा गरम झाल्यावर, पुसली जाते. घाई नसेल तर तसंच सोडायला हरकत नाही.

पुसू नये अशी वेळ एकच: घाटात बसलेली गाडी घरी आणायची म्हणून. चावी फिरवून लिम्प सुटत असेल तर तेवढं पुरे, हलक्या पायाने खाली या, कोड राहू द्या. आणि ऑइलचा लाल दिवा किंवा तापमानाचा काटा वर असेल तर चावी फिरवून पुढे काढण्याचा मोह नको, ते कोडचं प्रकरण नाही.

खातरजमेसाठी गावात दोन चकरा मारून उपयोग नाही. आधी काढून ठेवलेला फ्रीज फ्रेमचा फोटो बघा आणि तीच परिस्थिती पुन्हा उभी करा: गरम इंजिन, तिसरा गिअर, २४०० आरपीएम, पूर्ण पाय, तेवढाच चढ, जमलं तर तेवढंच डिझेल. मग पेंडिंग कोड वाचा. दिवा लागला नाही पण पेंडिंगमध्ये पी००८७ परत दिसला, तर काम अर्धवट आहे आणि पुढच्या लांबच्या चढाला ते कळेलच.

जुनी थार विकत घेणाऱ्यांसाठी जाता जाता. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा वर काळी टेप मारली आहे. दिवा नीट विझला तरी रीडर लावा. बऱ्याच बीएस फोर गाड्यांत "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" आणि "किती वॉर्म-अप" असे दोन आकडे मिळतात, आणि रेडिनेसच्या यादीत (पुसल्यानंतर ईसीयू स्वतः ज्या तपासण्या पुन्हा करतो तिच्यात) किती तपासण्या अपूर्ण आहेत तेही दिसतं. मालक म्हणतो गाडीने आजवर एकदाही तक्रार केली नाही, आणि आकडा सांगतो अकरा किलोमीटर, तर त्याला म्हणा चला, तुमच्याच गाडीने ताम्हिणी चढून येऊ.